प्यादे आणि स्वार

आमच्या उर्दू शाळेत मराठी शिकवताना काही शब्दांपाशी दर वर्षी अडायला होते. ‘पादचारी’ हा त्यातलाच एक. फळ्यावर हा शब्द लिहिला रे लिहिला, की मागच्या बाकांवरून खुसखुस सुरू होते. त्यातल्या पहिल्या दोन अक्षरांचा मुलांना ठाऊक असलेला अर्थ अगदीच वेगळा! दोन-तीन वर्षे आम्ही रागावून पाहिले. मग एकदा सुचले आणि ‘पादचारी’च्या शेजारी उर्दूत ‘प्यादा’ लिहिले. वर्गात बुद्धिबळ खेळणारी दोन मुले होती, त्यांना लगेच कळले. मराठीतही पटावरच्या त्या सोंगटीला ‘प्यादे’च म्हणतात, हे सांगितल्यावर वर्गाला मराठी एकदम नात्यातली वाटू लागली.

हे नाते खरेच आहे. प्यादे हा शब्द फारसीतल्या ‘पियादा’वरून आला आणि त्याचा जोडीदार ‘स्वार’ हा ‘सवार’वरून. निजामशाही असो, आदिलशाही असो की शिवाजी महाराजांची फौज, माणसे आधी या दोन रांगांत उभी राहत. स्वारांतही पुन्हा दोन प्रकार होते. ज्याला घोडा सरकारातून मिळे तो बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन येई तो शिलेदार. फौजा गेल्या, पण शहराच्या रस्त्यावर ही वाटणी राहिली. मेणा, घोडा, बग्गी, टांगा वर आणि बाकीची दुनिया खाली धुळीत. शहरांचा इतिहास लिहिणारे किल्ले, वेशी, मशिदी, वाडे यांच्याविषयी पुष्कळ लिहितात. रोज कामावर जाणारा माणूस जात कसा होता, हे मात्र फारसे कोणी लिहीत नाही. आम्हाला ते आमच्या मालेगावच्या निमित्ताने लिहून पाहायचे आहे. पण त्यासाठी सुरुवात जरा दूरच्या एका शहरापासून करावी लागेल.

१२ जून १८१७ रोजी जर्मनीतल्या मानहाइम शहरात कार्ल फॉन ड्राइस नावाच्या गृहस्थाने दोन लाकडी चाकांचे एक यंत्र रस्त्यावर आणले. त्याला पायडल नव्हते, चेन नव्हती. मधल्या बैठकीवर बसायचे आणि पायांनी जमीन मागे रेटत पुढे जायचे. ड्राइसने त्याला दिलेल्या जर्मन नावाचा अर्थ ‘धावयंत्र’ असा होतो. म्हणजे सायकलचा हा पहिला पूर्वज चालण्याचेच यंत्र होता. त्यावर बसलेला माणूस अर्धा स्वार आणि अर्धा प्यादा होता. फक्त त्याचे पाऊल लांब पडत होते.

भांडण लगेच लागले. घोडागाड्यांच्या चाकोऱ्यांनी रस्ते इतके उखडलेले असत की त्यांवर या यंत्राचा तोल सांभाळणे कठीण होई. म्हणून लोक ते पदपथावरून नेऊ लागले. पायी चालणारे ओरडू लागले आणि त्याच वर्षी मानहाइममध्ये पदपथावर या यंत्राला बंदी झाली. पुढच्या दोन वर्षांत मिलान, लंडन, न्यूयॉर्क इथेही बंदी आली आणि १८२० साली चक्क आपल्या कलकत्त्यात! खरी सायकल जन्माला यायच्या कितीतरी आधी तिच्या पूर्वजावर हिंदुस्थानात बंदीचा हुकूम निघाला होता. आमच्या मनात हे वाचताना एकच प्रश्न आला. रस्ता खराब केला गाड्यांनी आणि भांडत बसले कोण?

पुढचा इतिहास थोडक्यात. १८८५ मध्ये इंग्लंडात जॉन केम्प स्टार्लीने दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला चेन असलेली सायकल बनवली. १८८८ मध्ये डनलॉपने हवेची टायर आणली. त्याच १८८८ साली इंग्लंडच्या एका कायद्याने सायकल ही ‘गाडी’ असल्याचे जाहीर केले. म्हणजे कायद्याने तिला प्याद्यांच्या रांगेतून उचलून स्वारांच्या रांगेत नेऊन बसवले. तिची जागा मग रस्त्यावर ठरली, बग्ग्यांच्या आणि नंतर मोटारींच्या सोबत. ही बढती होती की शिक्षा, हे अजून ठरायचे आहे.

आता मालेगाव. नारोशंकरांनी १७४० साली बांधलेला भुईकोट किल्ला, त्याच्या जवळून वाहणारी मोसम नदी आणि गावाला लागून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता. १८५७ नंतरच्या धामधुमीत आणि मग दुष्काळात मऊ, मुबारकपूर, आझमगड, बनारसकडचे मोमीन विणकर याच रस्त्याने दक्षिणेकडे उतरले. हजार किलोमीटरांहून जास्त अंतर, काही बैलगाड्यांतून, पण बहुतेक पायी. आमच्यापैकी कितीतरी घरांत ही हकीकत आजी-नानीच्या तोंडून ऐकलेली असते. प्रत्येक घरात तपशील वेगळा, पण पायांना आलेले फोड सगळ्यांच्या गोष्टीत सारखे. त्या पावलांनी आजचे मालेगाव वाढवले.

आणि ते पावलांच्याच मापाने वाढले. हातमागाच्या काळात कामावर ‘जाणे’ ही गोष्टच नव्हती. घरातल्या खड्ड्यात पाय सोडून बसले की कारखाना सुरू. मशीद, बाजार, नदी, सुताचा व्यापारी, सगळे अजानच्या आवाजाच्या टापूत. जुन्या मोहल्ल्यांच्या गल्ल्या पाहा. दोन माणसे खांद्याला खांदा लावून जातील आणि समोरून तिसरा आला तर एकाला भिंतीशी सरकावे लागेल, एवढीच रुंदी. बाहेरून आलेले पाहुणे म्हणतात, किती दाटीवाटी! आम्ही म्हणतो, ज्यांच्याजवळ फक्त पाय होते त्यांनी एवढीच जागा धरली.

यंत्रमाग आले आणि घर व काम यांची फारकत झाली. वीज, शेड, मालक, पाळी या सगळ्या गोष्टी मोहल्ल्याबाहेर सरकू लागल्या. बारा तासांची पाळी उभ्याने करायची आणि वर अर्धा-पाऊण तास चालायचे, हे पायांच्या कुवतीबाहेरचे होते. तिथे सायकल कामाला आली. स्वातंत्र्यानंतर ती देशात बनू लागली होती. मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ मध्ये, सोनीपतला ॲटलस १९५१ मध्ये, लुधियान्याला हीरो १९५६ मध्ये. साहेबाची चीज मजुराच्या हातात आली. पाळी सुटायच्या वेळी लूमच्या शेडबाहेर भिंतीला टेकलेल्या सायकलींची रांग आम्ही लहानपणी पाहिली आहे. सगळ्या काळ्या, सगळ्या सारख्या, तरी अब्बा अंधारात हात लावून आपली ओळखत.

ज्याच्याकडे स्वतःची नव्हती, त्याला तासाच्या भाड्याची. दुकानदार वहीत नाव लिही, वेळ लिही आणि ओळखीचा नसला तर मोहल्ल्यातल्या एखाद्या मोठ्या माणसाचे नाव विचारी. आम्ही सगळी मुले अशीच शिकलो. नळीवरून पाय जात नसे म्हणून नळीखालून पाय घालून, वाकड्या अंगाने. याला आमच्याकडे ‘कैंची’ म्हणतात. वर्गात बारगीर आणि शिलेदार शिकवायची वेळ येते तेव्हा आम्ही हेच उदाहरण देतो. भाड्याच्या सायकलवाला बारगीर, स्वतःच्या सायकलवाला शिलेदार. मुलांना हे कधी विसरायला होत नाही. अर्थात आता भाड्याची सायकल म्हणजे काय, तेही समजावून सांगावे लागते.

पण खरी गोष्ट इथून पुढे आहे. सायकल चालवणारा आणि पायी चालणारा अशी दोन वेगळी माणसे पुस्तकात असतात. आमच्या गावात ती एकच होती. सुताची गोणी कॅरियरवर, कापडाच्या ताग्यांचा गठ्ठा नळीवर आणि माणूस एका हाताने हँडल, दुसऱ्या हाताने ओझे धरून शेजारून चालतो आहे. हे दृश्य मालेगावात, भिवंडीत, कुठल्याही विणकरांच्या गावात नवे नाही. अशी सायकल दिवसातला निम्मा वेळ चालवली जात नाही, चालत नेली जाते. गल्लीच्या तोंडाशी उतरायचे, कारण आत लहान मुले खेळत असतात. मशिदीजवळ उतरायचे. जनाजा समोर आला की उतरायचे आणि चाळीस पावले तरी सोबत जायचे. सोबत पायी जाणारा दोस्त भेटला तर त्याच्यासाठी उतरायचे आणि सायकल हातात धरून गप्पा मारत घरापर्यंत यायचे. आम्हाला वाटते, सायकलचा सगळ्यांत मोठा गुण तिचा वेग नाही. तिच्यावरून क्षणात उतरता येते, हा आहे.

हदीसमध्ये एक शिष्टाचार सांगितला आहे. स्वाराने पायी चालणाऱ्याला आधी सलाम करावा, चालणाऱ्याने बसलेल्याला. लहानपणी मदरशात हे पाठ करताना आमच्या डोळ्यांसमोर वाळवंटातला उंट यायचा. मोठेपणी कळले की आम्ही ते रोज पाहतच होतो. अब्बांच्या पिढीची माणसे सायकलवरून जाताना हँडलवरचा एक हात कपाळाशी नेत. घंटी वाजवण्याआधी सलाम होई आणि सलामानेच रस्ता मिळे. आता मोटारसायकलचा हॉर्न आधी पोहोचतो. हेल्मेट असेल तर माणूस कोण होता, तेही कळत नाही. (हेल्मेट घालू नये असे आमचे म्हणणे नाही. घालावेच.)

मालेगावच्या सायकलला एक काळा दिवसही पाहावा लागला. ८ सप्टेंबर २००६, जुमा आणि त्याच दिवशी शब-ए-बरात. बडा कब्रस्तानातल्या हमीदिया मशिदीत नमाज संपून लोक बाहेर पडत असताना आणि मुशावरत चौकात स्फोट झाले. तीसहून जास्त माणसे गेली. बॉम्ब सायकलींना बांधलेले होते. त्यानंतर काय झाले, ते वाचकांना ठाऊक आहे. आमच्याच गावची मुले धरली गेली, वर्षानुवर्षे तुरुंगात राहिली आणि २०१६ साली विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. त्या दुःखापुढे सायकलचे दुःख काय सांगायचे? तरी इतिहास लिहायला बसलो आहोत तर नोंदवले पाहिजे. कित्येक महिने भिंतीला टेकलेली बेवारस सायकल पाहून लोक दुसऱ्या गल्लीने जात. मशिदीच्या कडेला सायकल लावली की कोणीतरी विचारी, कोणाची आहे? आम्ही तेव्हा शाळकरी वयाचे होतो. सायकल उभी करून दूर जाताना आपणच मागे वळून पाहायचो, कोणी पाहत तर नाही ना. गरिबाकडे असलेली एवढी एकच गाडी, तिचाही संशय यावा!

पण सायकल गेली ती त्या भीतीने नव्हे. ती गेली तिच्याच घरच्या माणसांमुळे. लुधियान्याच्या ज्या हीरोने १९५६ मध्ये सायकली बनवायला घेतल्या, त्याच घराने १९८४ मध्ये जपानच्या होंडाशी हात मिळवले आणि पुढच्याच वर्षी मोटारसायकल बाजारात आली. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती, तर स्कूटर-मोटारसायकल २१ टक्के घरांत. तरी रस्ता एकवीस टक्क्यांसाठी रुंद होत राहिला. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो जागतिक सायकल दिन होता. आणि दुसऱ्यांना कशाला दोष द्यायचा? पहिल्या पगारानंतर सहा महिन्यांत आम्हीही हप्त्याने मोटारसायकल घेतली. शाळा घरापासून चालत वीस मिनिटांवर. अब्बा काही बोलले नाहीत. त्यांची सायकल जिन्याखाली गेली आणि तिच्यावर लग्नाच्या मंडपाची कनात येऊन पडली.

बी.एड.साठी आम्ही पुण्याला होतो. एके काळी सायकलींचे शहर म्हणून पुण्याचे नाव होते. म्हातारे पुणेकर अजून सायकलच्या बिल्ल्याच्या आणि रात्री दिवा नसला म्हणून पोलिसाने हवा सोडल्याच्या गोष्टी रंगवून सांगतात. २००६ च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बसगाड्यांसाठी वेगळी वाट झाली, तेव्हा कडेने सायकलमार्गही आखले गेले. आम्ही तिथून रोज जात असू. सायकलमार्गावर दुचाकी उभ्या, पदपथावर टपऱ्या आणि विजेच्या पेट्या. म्हणून पायी चालणारे सायकलमार्गावर, सायकलवाले मोठ्या रस्त्यावर बसच्या चाकांशेजारी. २०१७ मध्ये महापालिकेने अख्ख्या शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, जंगली महाराज रस्त्याचा पदपथ रुंद आणि देखणा झाला, शेजारी सायकलची पट्टीही आली. एका प्रशिक्षणासाठी पुन्हा गेलो होतो तेव्हा मुद्दाम पाहायला गेलो. लोक आनंदाने चालत होते, सायकलच्या पट्टीवरूनच. एक सायकलवाला मुलगा घंटी वाजवून थकला आणि एक आजोबा त्याच्यावर ओरडले. मानहाइम, १८१७!

आजोबांची चूक नव्हती आणि मुलाचीही नव्हती. इंडियन रोड्स काँग्रेसचे निकष सांगतात की पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. सायकलमार्ग कसे असावेत याची त्यांची पुस्तिका तर १९६२ सालची आहे. कागद जुने आहेत. रस्ता मात्र आधी मोटारीसाठी मोजला जातो आणि उरलेली पट्टी या दोघांपुढे टाकून म्हटले जाते, घ्या वाटून. २०२२ या एका वर्षात देशात बत्तीस हजारांहून जास्त पायी चालणारी माणसे अपघातांत मेली. त्यांतले फार थोडे सायकलच्या धक्क्याने मेले असतील. पण भांडण पाहावे तर प्याद्याचे त्या हलक्या स्वाराशीच.

हे सगळे आम्हाला लिहावेसे वाटले ते मात्र एका मुलीमुळे. आमच्याकडे सातवीपर्यंतची शाळा मोहल्ल्यात असते. आठवीला मुली मोठ्या शाळेत जातात आणि ती दूर असते. दर वर्षी जून महिन्यात पटावरून काही नावे गळतात. हुशारीचा संबंध नसतो, अंतराचा असतो. एवढ्या लांब एकटी चालत कशी जाणार, आणि रिक्षाचे पैसे कोण देणार? १८४८ साली भिडेवाड्यात शिकवायला जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर शेण-चिखल फेकला गेला, तो रस्ता चालतानाच. त्यांच्या १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात ज्या फातिमाच्या कष्टांची काळजी आहे, तीही पायीच फिरली असणार. बाईच्या शिक्षणाची लढाई वर्गात होण्याआधी रस्त्यावर होते, हे आम्हा शिक्षकांना जून महिन्यात दर वर्षी नव्याने कळते.

बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी दोन हजार रुपये देण्याची योजना काढली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अभ्यासकांनी तिची पाहणी केली. योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि ही वाढ शाळा तीन किलोमीटरांहून दूर असलेल्या गावांत जास्त होती. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली दिल्या जातात. ते अहवाल आम्ही शिक्षकांच्या खोलीत वाचून दाखवला. एक सहकारी म्हणाले, ‘सर, बिहारचं ठीक आहे, इथे लोक काय म्हणतील?’ लोक काय म्हणतील ते ऐकायला आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो.

वडील लूमवर. नुकतेच पाळीवरून आलेले, केसांत कापसाचे तंतू. त्यांनी चहा पाजला, बोलणे पूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘मास्टरसाहब, आपकी बात सर आँखों पर. लेकिन लड़की सायकल पर बैठेगी तो मोहल्ला मुझसे पूछेगा.’ त्यांना उपदेश करायला आमची जीभ वळली नाही. त्यांची स्वतःची सायकल दाराशी होती, कॅरियरला दोरी गुंडाळलेली. बघता बघता आमच्या तोंडून निघून गेले, ‘बसू नका देऊ. दप्तर तर ठेवता येईल?’

आम्ही चार शिक्षकांनी वर्गणी काढून एक जुनी सायकल घेतली, लेडीज, हिरव्या रंगाची. त्या गल्लीतल्या तीन मुली आठवीला निघाल्या. तीन दप्तरे सायकलवर, एक मुलगी हँडल धरून आणि दोघी दोन बाजूंना. पायी. सूत पोहोचवायला त्यांचे बाप जसे जातात, अगदी तशाच. मोहल्ल्याने काही विचारले नाही. त्यात विचारण्यासारखे काही नव्हते.

हे झाले जून महिन्यात. दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास एका मुलीच्या कोपराला खरचटलेले दिसले. दुसरीच्या सलवारला चेनचे काळे तेल. आम्ही काही विचारले नाही. गेल्या आठवड्यात शाळा सुटल्यावर मागच्या मोकळ्या मैदानावरून येत होतो, तर एक जण सायकलवर, दुसरी मागून कॅरियर धरून पळते आहे, आणि तिसरी तिन्ही दप्तरे सांभाळत ओरडते आहे, ‘छोड़ मत, अभी छोड़ मत!’ आम्हाला पाहून तिघी थांबल्या, खाली उतरल्या, आणि सायकलवर जी होती तिनेच आधी सलाम केला.

‘चेन ठीक है?’ एवढेच विचारले.

‘परसों उतर गई थी, सर,’ ती म्हणाली, ‘अब्बा ने बिठा दी.’